फुटण्याआधीचा फोटो

२०१९च्या डिसेंबरात मृग नक्षत्रातला काक्षी, म्हणजे इकडे ज्याला बीटलज्यूस म्हणतात तो तांबूस तारा, मंद व्हायला लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचा उजेड नेहमीच्या जेमतेम ३५-४० टक्क्यांवर आला. त्या वर्षी मंडळाच्या संक्रांतीला तिळगूळ घेता घेता निदान पाच-सहा जणांनी मला विचारलं, "काय हो, तो तारा फुटणार म्हणतात, खरं का?" मंडळात दुर्बीण बाळगणारा मी एकटाच, त्यामुळे आकाशातल्या सगळ्या भानगडींचा जाब मला विचारायची पद्धत आहे. असो. काक्षी काही फुटला नाही. ताऱ्यानंच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ झाली आणि ती त्याच्या तोंडासमोर आली, असं पुढे निष्पन्न झालं. कधी फुटणार याचं उत्तर "येत्या लाखभर वर्षांत केव्हातरी" असं आहे. ते ऐकून विचारणाऱ्याचा उत्साह लगेच मावळतो.

मला स्वतःला त्याहून वेगळा प्रश्न जास्त रंजक वाटतो. अमुक जातीचे तारे शेवटी फुटतात, सुपरनोव्हा होतात, असं आपण पुस्तकात वाचतो. सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जास्त वस्तुमानाचा तारा असला की त्याचा शेवट स्फोटात, असा तो नियम. पण हे पाहिलंय कोणी? फुटल्यावर तारा उरतच नाही. मग फुटला तो नक्की कुठला होता, हे कळणार कसं?

पोटापाण्यासाठी मी मोडलेल्या वस्तू तपासतो. तुटलेले बोल्ट, फाटलेले पाइप, तडा गेलेली टर्बाइनची पाती. या धंद्यात पहिल्या वर्षीच एक गोष्ट कळते. तुकडे कितीही बारकाईनं पाहा, तुटण्याआधी ती वस्तू कशी होती याची नोंद हाताशी नसेल तर निम्मं काम अंदाजावरच चालतं. गेल्या तपासणीचा एखादा जुना फोटो सापडला की मात्र लॉटरी लागल्यासारखं होतं. ताऱ्यांच्या बाबतीतही अगदी हीच अडचण आहे, म्हणून मी या विषयाच्या नादी लागलो. शिवाय या शोधाचे बरेच धागे आमच्या ओहायोत आहेत. इथे एम.एस.ला आलो तेव्हा मला त्यातला एकही ठाऊक नव्हता.

आधी तारा मरतो कसा ते थोडक्यात सांगतो. सूर्याच्या २५ पट वस्तुमानाचा तारा घ्या. हायड्रोजनचं हेलियम करण्यात त्याची सुमारे ७० लाख वर्षं जातात. मग हेलियमवर पाच-सात लाख वर्षं. पुढे कार्बन पेटतो, तो साधारण ६०० वर्षं पुरतो. निऑन वर्षभर, ऑक्सिजन सहा महिने आणि सिलिकॉन फक्त एक दिवस! उधळ्या माणसाच्या शेवटच्या दिवसांसारखं, खर्च वाढत जातो आणि शिल्लक संपत जाते. सिलिकॉनपासून लोखंड तयार झालं की खेळ आटोपला, कारण लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. सुब्रह्मण्यम चंद्रशेखर १९३० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बोटीनं इंग्लंडला जाताना जे गणित करत होते, ते इथे लागू पडतं. सूर्याच्या सुमारे १.४ पटीच्या वर असा विझलेला गाभा स्वतःचं वजन पेलू शकत नाही. हजारो किलोमीटर रुंदीचा तो लोखंडी गाभा एका सेकंदाच्या आत कोसळून काही डझन किलोमीटरचा होतो. त्यातून न्यूट्रिनो नावाच्या कणांचा लोंढा बाहेर पडतो आणि बहुधा त्यांच्याच धक्क्यानं ताऱ्याचं बाहेरचं सगळं आवरण उडवून दिलं जातं.

यातली मेख अशी की शेवटच्या काही वर्षांत आत एवढा गोंधळ चाललेला असताना ताऱ्याच्या पृष्ठभागाला त्याची फारशी खबर नसते. त्यामुळे बाहेरून पाहून "हा उद्या जाणार" असं सांगता येत नाही. जुना फोटो शोधायचा, एवढाच मार्ग उरतो.

आणि तो फोटो आपल्या आकाशगंगेत मिळणं कठीण. आपल्याकडचा नुसत्या डोळ्यांनी नीट पाहिलेला शेवटचा सुपरनोव्हा १६०४ सालचा, केप्लरच्या वेळचा. गॅलिलिओनं दुर्बीण आकाशाकडे वळवली ती १६०९ मध्ये. पाच वर्षांनी चुकामूक झाली. (तसा १६०४चा स्फोट वेगळ्या जातीचा, श्वेत बटू ताऱ्याचा होता. या लेखात ती जात मी सोडून देतो आहे.)

२४ फेब्रुवारी १९८७च्या पहाटे मात्र नशीब उघडलं. चिलीतल्या लास कंपानास वेधशाळेत इयन शेल्टन मोठ्या मॅगेलनी मेघाचे फोटो घेत होता. हा मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारची छोटी दीर्घिका, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं दूर. प्लेट धुतल्यावर त्यात एक ठसठशीत जादा ठिपका दिसला. प्लेटवरचा डाग असेल म्हणून तो बाहेर येऊन बघतो, तर तारा डोळ्यांनी दिसतोय! तिथला मदतनीस ऑस्कर दुहाल्दे यानं तो त्याच रात्री आधी पाहिला होता, पण कामाच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं.

त्या जागी आधी काय होतं? उत्तर एका यादीत होतं. क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातले निकोलस सँड्युलीक यांनी १९७० साली मॅगेलनी मेघातल्या बाराशेहून अधिक ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली होती. प्रत्येक ताऱ्याचं स्थान आणि प्रकार टिपून ठेवायचा, असं कारकुनी चिकाटीचं काम. त्यातला एक होता 'सँड्युलीक उणे ६९ अंश, २०२'. सतरा वर्षं त्याच्याकडे विशेष कोणी पाहिलं नव्हतं. फेब्रुवारी १९८७ नंतर तो जगातला सर्वांत चर्चेतला तारा झाला.

पण लगेच घोळही झाला. पुस्तकं सांगत होती की फुटणारा तारा तांबडा महाराक्षसी असला पाहिजे, म्हणजे फुगलेला, थंड, काक्षीसारखा. यादीतला हा तारा होता निळा! शिवाय उपग्रहानं त्या जागेचा अतिनील वर्णपट घेतला, तर तिथे निळ्या ताऱ्याचा प्रकाश अजून येतच होता. म्हणजे सँड्युलीकचा तारा शाबूत आणि फुटलाय दुसराच कोणी, असं काही दिवस वाटलं. नंतर बारकाईनं मोजमाप केल्यावर कळलं की तो प्रकाश अगदी चिकटून असलेल्या दोन शेजाऱ्यांचा आहे. मधला निळा तारा खरोखरच गेला होता. मला या प्रकरणातून सर्वांत मोलाची वाटते ती पुढे पडलेली शिस्त. जुन्या फोटोत त्या जागी तारा आहे एवढ्यावर भागत नाही. स्फोटाचा उजेड ओसरल्यावर परत जाऊन तो तिथे नाही, याची खात्री करायची.

तारा निळा का होता? सर्वांत पटणारा खुलासा असा की मुळात ते दोन तारे होते आणि स्फोटाच्या सुमारे वीस हजार वर्षं आधी ते एकमेकांत मिसळून एक झाले. त्याच्या भोवतीची तीन कडी त्याचीच खूण मानतात.

दुसरा ओहायोचा धागा असा. क्लीव्हलँडहून पूर्वेला गाडीनं पाऊण तासावर, ईरी सरोवराच्या काठाला मिठाची खाण आहे. तिथे सुमारे ६०० मीटर खोल एक भलामोठा पाण्याचा हौद बांधला होता. प्रोटॉनचा ऱ्हास होतो का ते पाहण्यासाठी. तो ऱ्हास काही दिसला नाही, पण २३ फेब्रुवारी १९८७ला त्या हौदात ८ न्यूट्रिनोंच्या खुणा उमटल्या. त्याच वेळी जपानच्या कामिओकामध्ये ११ आणि कॉकेशसमधल्या बाक्सानला ५. स्फोटाचा पहिला उजेड टिपला गेला त्याच्या सुमारे तीन तास आधी. गाभा कोसळतो हे गणित चोवीस कणांवर सिद्ध झालं म्हणायला हरकत नाही.

यानंतरची कथा हबल दुर्बिणीची. १९९०च्या दशकात हबलनं शेकडो दीर्घिकांचे फोटो घेतले, निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या कामांसाठी. ते सगळे कोठारात जमा. ब्रिटनमधल्या स्टीफन स्मार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोठार पद्धतशीर उपसायला घेतलं. जवळच्या दीर्घिकेत सुपरनोव्हा दिसला रे दिसला, की तिचा जुना फोटो काढायचा, नवा फोटो त्यावर बसवायचा आणि त्या ठिकाणी कोण होतं ते बघायचं. 'बसवायचा' म्हणणं सोपं आहे. तीन कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका, ताऱ्यांची ही दाटी. हबलच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे एक तारा की चार, हेही कधी कधी कळत नाही.

१२ जून २००३ला ऑस्ट्रेलियातले रॉबर्ट इव्हान्स यांना एम ७४ या दीर्घिकेत एक सुपरनोव्हा दिसला. हे गृहस्थ चर्चमध्ये धर्मोपदेशक, आणि घरच्या दुर्बिणीला डोळा लावून सुपरनोव्हा शोधण्यात अख्ख्या जगात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शेकडो दीर्घिकांची रूपं त्यांना तोंडपाठ. एम ७४चे हबल आणि जेमिनी दुर्बिणीचे फोटो स्फोटाआधी सहा ते नऊ महिन्यांचे निघाले. त्यात त्या जागी एक तांबडा महाराक्षसी तारा होता, वस्तुमान सूर्याच्या सुमारे आठपट. पुस्तकातल्यासारखा. काही वर्षांनी परत पाहिलं तेव्हा तो नव्हता.

अशा एकेक नोंदी जमत गेल्या आणि २००९ साली स्मार्ट यांनी सर्वांत नेहमीच्या जातीच्या २० सुपरनोव्हांचा हिशेब मांडला. खालची मर्यादा आठ-साडेआठ निघाली, अपेक्षेप्रमाणे. वरची मर्यादा मात्र सुमारे साडेसोळा! यातच गोम आहे. कारण सूर्याच्या २५ पटीपर्यंतचे तांबडे महाराक्षसी तारे आकाशात ठिकठिकाणी दिसतात. ते असतात, म्हातारे होतात, पण फुटताना सापडत नाहीत. मग जातात कुठे? खगोलशास्त्रात या प्रश्नाला 'तांबड्या महाराक्षसांचा प्रश्न' असंच नाव पडलं.

हा प्रश्न नुसता आकडेमोडीचा नाही. आपल्या रक्तातलं लोखंड, हवेतला प्राणवायू, हाडांतलं कॅल्शियम यांतलं पुष्कळसं ताऱ्यांच्या स्फोटांतून आलेलं आहे. फ्रेड हॉइल आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९५७ साली हा हिशेब मांडला. (हॉइल म्हणजे केंब्रिजमधले आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू.) मोठे तारे जर स्फोट न होता गुपचूप नाहीसे होत असतील, तर त्यांनी शिजवलेला माल त्यांच्याबरोबरच गडप होतो, आणि हिशेबाच्या वहीतली बरीच पानं परत लिहायला लागतील.

उत्तरं तीन दिली जातात. एक म्हणजे धूळ. तारा मरायला टेकला की आपल्याच धुळीत गुरफटतो, फोटोत मंद दिसतो आणि आपण त्याला हलका समजतो. दुसरं उत्तर संख्याशास्त्राचं: वीस-पंचवीस नमुन्यांवरून एवढी मोठी विधानं करू नका. कारखान्यात वीस बोल्ट तपासून अख्ख्या मालाबद्दल बोलणाऱ्याला मी हेच ऐकवतो, त्यामुळे या मंडळींबद्दल मला सहानुभूती आहे. तिसरं उत्तर सर्वांत नाट्यमय. हे तारे फुटतच नाहीत. गाभा कोसळतो, पण स्फोटाचा जोर कमी पडतो आणि सगळा तारा आत पडून कृष्णविवर होतो.

तिसऱ्या उत्तराचा छडा लावायचं काम कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या क्रिस्टोफर कोहानेक यांनी अंगावर घेतलं. २००८ साली त्यांनी सुचवलं की स्फोट शोधण्याऐवजी नाहीसे होणारे तारे शोधा. ॲरिझोनातल्या माउंट ग्रॅहॅमवर ८.४ मीटरचे दोन आरसे असलेली दुर्बीण आहे. तिच्यानं २७ दीर्घिकांतले मिळून सुमारे दहा लाख महाराक्षसी तारे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा टिपायचे. शाळेत रोज हजेरी घ्यायची आणि कोण गैरहजर ते पाहायचं, असला प्रकार. मला ही कल्पना फार आवडते. 'काहीच न दिसणं' हाच ज्याचा शोध, त्यासाठी वेळ आणि पैसे मागायला धाडस लागतं.

आणि एक गैरहजर सापडला. एनजीसी ६९४६ या दीर्घिकेत १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत दहा सुपरनोव्हा दिसले, म्हणून तिला आतषबाजीची दीर्घिका म्हणतात. तिथला सूर्याच्या सुमारे २५ पट वस्तुमानाचा एक तारा २००९ मध्ये काही महिने थोडा उजळला आणि मग दृश्य प्रकाशातून गायब झाला. स्फोट नाही, काही नाही. वर्तमानपत्रांनी मथळे दिले. पण २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं तिथे अवरक्त प्रकाशात पाहिलं, तर उष्णतेची धग शिल्लक होती आणि जिथे एक ठिपका समजत होतो तिथे तीन निघाले. मग कोणी म्हणालं, हे कृष्णविवर नसून दोन तारे एकमेकांत मिसळले आणि धुळीआड गेले. वाद अजून मिटलेला नाही. २०२४ मध्ये किशलय डे आणि सहकाऱ्यांनी देवयानी दीर्घिकेतला, म्हणजे फक्त २५ लाख प्रकाशवर्षांवरचा, दुसरा संशयित पुढे आणला. तो २०१४ मध्ये अवरक्त प्रकाशात उजळला आणि पुढच्या काही वर्षांत विझत गेला. त्याच्याही बाबतीत धुळीचा आक्षेप आहेच.

धुळीची बाजू किती भक्कम आहे हे गेल्या काही वर्षांत दिसलं. १९ मे २०२३ला जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ या दीर्घिकेत सुपरनोव्हा सापडला, सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवर. मी तो माझ्या आठ इंची दुर्बिणीतून मागच्या अंगणात पाहिला; बारीक ठिपका, पण शेजाऱ्यांना बोलावून दाखवण्यासारखा. पालोमारच्या झ्विकी सर्वेक्षणानंही तो टिपला. (या सर्वेक्षणामागची मूळ कल्पना श्रीनिवास कुलकर्णी यांची. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा.) नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीनंही त्याच्यावर नजर ठेवली. जुने फोटो भरपूर होते. त्या जागी धुळीत बुडालेला, सुमारे हजार दिवसांच्या तालावर मंद-तेज होणारा तांबडा महाराक्षसी तारा होता. आता वस्तुमान किती? एक गट म्हणाला आठ-दहा, दुसरा म्हणाला वीसच्या आसपास. फोटो साधारण तेच, धुळीबद्दलचं गृहीत तेवढं निराळं!

पुढचा पुरावा २९ जून २०२५चा. आकाशाची रोज रात्री चाळणी करणाऱ्या, कोलंबसहूनच चालवल्या जाणाऱ्या छोट्या दुर्बिणींच्या जाळ्याला एनजीसी १६३७ या दीर्घिकेत सुपरनोव्हा दिसला. याच दीर्घिकेत १९९९ सालीही एक झाला होता आणि तेव्हा जुन्या फोटोत त्या जागी काहीच सापडलं नव्हतं. या खेपेस जेम्स वेबचा २०२४चा अवरक्त फोटो कोठारात तयार होता. त्यात तारा लख्ख होता, सूर्याच्या सुमारे एक लाख पट तेजाचा आणि आजवर असा सापडलेला सर्वांत लालबुंद. दृश्य प्रकाशात धुळीनं त्याचा उजेड शंभरपटीहून जास्त खाल्ला होता. हबलच्या एकट्याच्या भरवशावर राहिलो असतो तर त्याची किंमत भलतीच कमी धरली असती.

माझं मत विचाराल तर हरवलेल्यांपैकी बरेचसे धुळीतच बसलेले आहेत. पण सगळेच नाहीत. सूर्याच्या तीस-चाळीस पटीची कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वलहरी २०१५पासून आपण टिपतो आहोत, आणि स्फोटात सगळा माल उधळून दिल्यावर एवढं मोठं विवर उरणं अवघड आहे. त्या काही गपचूप जाणाऱ्यांचं प्रमाण किती, हा आता खरा वादाचा मुद्दा आहे.

तो वाद फोटोंनी कितपत मिटेल, शंका आहे. न्यूट्रिनोंनी मात्र एका झटक्यात मिटू शकतो. कारण तारा फुटो किंवा गपचूप कृष्णविवर होवो, गाभा कोसळला की न्यूट्रिनो सुटतातच, आणि धूळ त्यांना अडवू शकत नाही. अट एकच: तारा आपल्या आकाशगंगेतला हवा. ईरी सरोवराखालचा हौद १९९१ मध्येच बंद झाला, पण जपानमधल्या सुपर-कामिओकांदेत आज असा प्रसंग घडला तर आठ-अकरा नाही, हजारो कण मोजले जातील. जगातल्या अशा हौदांची एक सामाईक इशारा-यंत्रणा २००५पासून आपोआप चालू आहे. दोन-तीन ठिकाणी एकदम कण आले की ती सगळ्यांना ई-मेल पाठवणार, म्हणजे उजेड पोचायच्या आत दुर्बिणी वळवता येतील. त्या यादीत कोणालाही आपला पत्ता नोंदवता येतो, फुकट. मी नोंदवला आहे. अजून एकदाही खरा इशारा आलेला नाही.